कोपऱ्यातली बाई

कमळाबाई चांदवडहून आल्या त्या कांद्याच्या दोन गोण्या घेऊन. पण गोण्या टेम्पोतून उतरायच्या आधीच त्यांनी उंबऱ्यात बसकण मारली आणि गळा काढला.

"माझ्या जित्या बापाला हार घातला गं. दोन्ही भावांना घातला. कुणाचे हात धजले म्हणायचे?"

जिता बाप, म्हणजे चिमाजी आप्पा, आत खुर्चीत बसून बशीतल्या चहात बटर बुडवत होते. लेकीचा गळा ऐकून त्यांनी आधी बटर तोंडात टाकलं, नाहीतर ते बशीत पडलं असतं, आणि मग भिंतीकडं पाहिलं. भिंतीला धाकट्या सुनेचं चित्र टेकवून ठेवलं होतं. चित्रात आप्पा होते, आणि सगळ्या चित्रावर पाचपदरी झेंडूचा हार होता. असा हार कुणाच्या तसबिरीला घालतात हे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सांगावं लागत नाही. आप्पांना उचकी लागली ती काही केल्या थांबेना.

नवसाबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. झालं, त्यांच्या मनात आलं, आता हे निस्तरता निस्तरायचं नाही. सुरुवात त्यांनीच केली होती आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. सकाळी आसपास कुणी नव्हतं तेव्हा नवसाबाईंनी वीतभर हार ओवला आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात टाचणीनं अडकवला. तेवढ्यापुरताच. त्या कोपऱ्यात एक बाई बसलेली होती, तिच्यापुरता. मग थोरली सून तृप्ती आंघोळ करून बाहेर आली. तिनं तो हार पाहिला. तीन पिढ्या झेंडू पिकवणारं घर, नाशकातल्या निम्म्या दुकानांचे हार इथून जातात, आणि घरच्या चित्राला वीतभर हार? शिवाय चित्र जावेचं. आपण चिकटपणा केला असं कुणी म्हणायला नको. तृप्तीनं एका मंडळासाठी ओवून ठेवलेला पाचपदरी हार उचलला आणि चौकटीवरून सोडला. या घरात टेम्पोला हार असतो, पाण्याच्या मोटारीला असतो, दर दसऱ्याला फ्रीजलाही असतो. हात आधी चालतो, डोकं मागून चालत येतं. आज डोकं कमळाबाईंच्या टेम्पोतून आलं.

"वन्सं, मी आपला कौतुकानं घातला हो," तृप्ती म्हणाली. ती नाशिकरोडची, बारावी झालेली, तिला चूक कबूल करायची ती 'हो' लावून करायची सवय होती. "चित्राची निवड झाली ना प्रदर्शनात. उद्या सकाळी नऊला पोचवायचंय. नऊनंतर घेतच नाहीत ते लोक."

"प्रदर्शनात? म्हंजे हार घातलेला बाप गावाला दाखवायचा?"

"गावाला नाही आक्का, कलाप्रेमी जनतेला," थोरला ज्ञानेश म्हणाला. तो येत्या महापालिकेला तिकीट मागत होता आणि वर्षभरापासून घरातही जनतेशीच बोलत होता. अंगात पांढरे कपडे, हातात मोबाइल. पण हाराकडं पाहून त्याचाही चेहरा उतरला होता. "मात्र हे बरोबर झालं नाही. मुलाखती आठ दिवसांवर, आणि उमेदवाराला हार. विरोधकांनी फोटो काढला तर?"

हार काढला, त्याच्याबरोबर टाचणीचा वीतभर हारही खाली पडला. आप्पांची उचकी मात्र राहिली. "कुणीतरी आठवण काढतंय आप्पांची," तृप्ती म्हणाली आणि नावं घेऊ लागली. ज्याचं नाव घेतल्यावर उचकी थांबते तोच आठवण काढत असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तिनं आप्पांच्या देवळ्याच्या बहिणीचं नाव घेतलं. उचकी. मार्केटातल्या दलालाचं घेतलं. उचकी. ज्ञानेशनं आपल्या पक्षाच्या शहराध्यक्षाचं घेतलं, तेव्हा तर दोन आल्या.

हार निघाल्यावर चित्र पहिल्यांदाच नीट दिसलं, आणि खरं संकट तिथून सुरू झालं.

दीपमालाला चित्र काढायला कुणी शिकवलं नव्हतं. माहेरी पोळ्याला बैलांची शिंगं ती रंगवायची, तेवढीच तिची शाळा. नवरा समाधान सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचा. मशिनच्या खोक्यांची प्लायवूडची झाकणं तो तिला आणून द्यायचा. हेही चित्र तसल्याच झाकणावर होतं, चार फूट बाय तीन फूट, आणि मागच्या बाजूला अजून बाण काढून 'यह साइड ऊपर' असं छापलेलं होतं. मेन रोडवरून आणलेले अॅक्रिलिकचे रंग. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची पडवी, झेंडूचा डोंगर, भोवती हार ओवणारं घर. दीपमाला जे दिसलं ते काढायची, आणि कुणाचंही जे दिसतं ते काढलं की घरात काय होतं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"बरं झालं बाई, मी नाय यात," कमळाबाई चित्राजवळ येऊन म्हणाल्या. त्यांनी पुन्हा एकदा सगळे चेहरे मोजले. "मी का नाय यात?"

"आक्का, तुम्ही दसऱ्याला येत नाही ना," दीपमाला हळूच म्हणाली. "तुमच्याकडं तेव्हा कांद्याची रोपं असतात."

"रोपं असतात म्हणून मी या घरची नाय? बरोबर हाय. सावत्र ती सावत्र."

हा शब्द आला की नवसाबाईंचा हात गळ्याकडं जायचा. मंगळसूत्राच्या मण्यांत ओवलेला एक टाक तिथं होता, चांदीचा, बोटाच्या पेराएवढा. सवतीचा टाक. कमळ सात महिन्यांची होती तेव्हा तिची आई सावित्री तापानं गेली. सावित्री म्हणजे नवसाबाईंची सख्खी थोरली बहीण. पोरीला परकी आई नको म्हणून पंधरा वर्षांच्या नवसाला त्याच मांडवात, त्याच माणसाशी उभं केलं. लग्नाच्या दिवशी सासऱ्यानं टाक आणला. सराफाच्या डब्यात तसले पन्नास होते, एकाच साच्यातले, त्यातला एक उचलून दिला. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती बाईसारखी एक उठावाची रेघ. सणावाराला पहिलं कुंकू त्याला लावायचं. आणि नाव मात्र घरात काढायचं नाही, असं सासऱ्यानं बजावलं, का तर पोरीला सावत्रपण लागू नये. नाव गेलं, पण सावत्रपण लागायचं ते लागलंच. फोटो तर कधी काढलाच नव्हता. पंचेचाळीस वर्षांत तो टाक नवसाबाईंच्या बोटांनी इतका झिजला होता की रेघही उरली नव्हती.

यंदाच्या पावसाळ्यात दीपमाला शेडमध्ये चित्र काढत बसायची आणि नवसाबाई शेजारी वाल सोलत बसायच्या. एक दिवस त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "इथं दारापाशी एक बाई बसव." कशी, म्हणून दीपमालानं विचारलं. "बारीक अंगाची. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. दोरा दाताखाली धरून मान अशी कलती करायची." चार दिवसांनी म्हणाल्या, "डोळे थोडे मोठे कर." मग, "नाय, हसत नव्हती ती, हसायच्या आधी असायची तशी कर." कोण म्हणून सुनेनं विचारलं नाही आणि सासूनं सांगितलं नाही. ज्या दिवशी ती बाई नीट उतरली त्या दिवशी नवसाबाई घरात जाऊन मोरीत तोंड धुवायला म्हणून बसल्या आणि पोटभर रडल्या. एवढ्या वर्षांनी बहिणीचं तोंड दिसलं होतं. सांगणार कुणाला? कमळ म्हणेल, माझ्या आईला कोपऱ्यात बसवलं. आणि म्हणणारच ती.

"ही कोपऱ्यातली कोण?" कमळाबाईंनी विचारलं.

"भागीबाई," आप्पा उचकी देत म्हणाले. पेठकडून दर हंगामाला मजुरीला येणारी भागीबाई. "दुसरी कोण असंल?"

"भागीबाईच्या हनुवटीवर गोंदण कुठंय आप्पा?" समाधान म्हणाला. रात्रपाळी करून आलेला, तो भिंतीला टेकून अर्धा झोपेत होता. चित्रात त्याचे नुसते पाय होते, फुलांच्या ढिगामागून बाहेर आलेले. त्याची काही तक्रार नव्हती. पाय चांगले आलेत, एवढंच तो म्हणाला होता.

"म्हणजे मजूर बाई चित्रात, आणि पोटची लेक नाय," कमळाबाई म्हणाल्या.

"आक्काचं म्हणणं चुकीचं नाही," ज्ञानेश पुढं सरला. आतापर्यंत तो आक्काच्या विरुद्ध होता, पण समीकरण बदललेलं त्याला लगेच कळायचं. "मुळात चित्रात बऱ्याच त्रुटी आहेत. उदाहरणार्थ मी. मी पोत्याला टेकून झोपलेला का?"

"भाऊजी, तुम्ही दरवर्षी तिथंच झोपता," दीपमाला म्हणाली.

"झोपत असेन. ते चित्रात काढायचं असतं का? उद्या मतदार म्हणतील, निवडून आल्यावर काय करणार ते आत्ताच दिसतंय. मला उभं कर. हात जोडलेले. कपडे पांढरे."

"आणि मला का हो इतकी जाड केलीय?" तृप्ती म्हणाली. "बोलत नाही म्हणून काय झालं. हातात पेढासुद्धा दिलाय. फुलं ओवताना मी पेढा खाते का?"

समाधाननं डोळे मिटले.

"माझी टोपी," आप्पांनी मध्येच सांगितलं. "डोकं उघडं हाय माझं. टोपी घाल. आणि मिशी काळी कर."

तृप्तीला बारावीच्या मानानं एक गोष्ट नक्की माहीत होती आणि ती तिनं सांगून टाकली. "हे अॅक्रिलिक आहे. दहा मिनिटांत वाळतं. वरून दुसरा हात मारला की खालचं कळतसुद्धा नाही कुणाला." ज्ञानेशला हा रंग फार आवडला.

मग चित्रातल्या जागावाटपाची बोलणी सुरू झाली. तिकिटाच्या बोलण्यांची सवय असल्यामुळं अध्यक्षपद ज्ञानेशनं आपोआप घेतलं. त्यानं आक्काला कोपरा देऊ केला, आक्कानं मधली जागा मागितली. मधली जागा आप्पांची, ती हलवता येत नव्हती. मग तृप्तीनं आक्काला आपल्या शेजारी बसवायचं कबूल केलं, पण मग आपण आणखी जाड दिसू हे लक्षात आल्यावर माघार घेतली. ज्ञानेश उभा राहिला तर समाधानचे पाय झाकले जात होते. समाधान म्हणाला, माझे पाय घ्या, मला झोपू द्या. शेवटी ठरलं ते असं: आप्पांना टोपी, ज्ञानेश उभा, तृप्तीचा पेढा रद्द, आणि कोपऱ्यातल्या मजूर बाईच्या जागी कमळाबाई.

"हार झाला त्याचाही दोष जाईल," ज्ञानेश म्हणाला. "चेहरेच बदलले म्हणजे हार कुणाला घातला होता? दुसऱ्यांना."

"मी नाही बदलणार," दीपमाला म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण या घरात आठ वर्षांत तिनं 'नाही' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. "त्यांनी हे चित्र पाहून निवडलंय. दोनशे चित्रांतून. दुसरं नेलं तर परत पाठवतील. आणि मला ते... ते मला जमलंय. एवढं एकच जमलंय."

"पोरी," आप्पा म्हणाले, आणि उचकी आल्यानं थांबले. "घरात राह्यचं तर घराचं ऐकायचं. नायतर त्या झाकणाला गंगेत सोडून देऊ. बास."

दीपमालानं नवऱ्याकडं पाहिलं. समाधान आता खरोखर झोपला होता, किंवा झोपेचं सोंग घेऊन होता, दोन्ही त्याला सारखंच चांगलं जमायचं. मग तिनं सासूकडं पाहिलं. नवसाबाईंनी नजर खाली घातली. शेडमधून रंगांचा डबा आणायला सून गेली तेव्हा नवसाबाईंना आपलीच लाज वाटली. पोरीनं तीन महिने तुझ्या बहिणीचे डोळे कोरले नवसा, आणि तू वाल सोलल्यासारखी उभी आहेस.

दीपमाला आली. बशीत तिनं पांढरा घेतला, त्यात पिवळट तपकिरी कालवला. कमळाबाई समोर स्टुलावर बसल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, नथ सरळ केली, हनुवटी वर केली आणि फोटोला बसतात तशा ताठ झाल्या. "आधी ती बाई पुसून घे," त्या म्हणाल्या. "तिच्यावर मला नको बसवू. चांगली कोरी जागा कर."

"तोंडापासून सुरू कर," ज्ञानेशनं सुचवलं.

दीपमालानं जाड ब्रश भरला. तिचा हात कोपऱ्यापाशी गेला आणि थांबला. ब्रशच्या टोकाचा एक थेंब खाली सावित्रीच्या पदरावर पडला.

"थांब," नवसाबाई म्हणाल्या.

आपण बोललो हे त्यांना स्वतःलाच उशिरा कळलं. सगळे वळून पाहत होते. आता मागं जायला वाट नव्हती.

"ती भागीबाई नाय. मी बसवायला सांगितली होती तिला. सकाळचा छोटा हारही मीच घातला. तिलाच घातला. तुम्हाला कुणाला नाय." त्यांनी टाक मुठीत धरला. "सावित्री हाय ती."

पंचेचाळीस वर्षांनी ते नाव त्या घरात मोठ्यानं म्हटलं गेलं, आणि आप्पांची उचकी थांबली.

थांबली ती सगळ्यांना कळली. तृप्तीनं तोंडावर हात ठेवला. ज्ञानेशचा मोबाइल वाजला आणि त्यानं पहिल्यांदाच तो न पाहता बंद केला. आप्पा आणखी एका उचकीची वाट पाहत बसले, म्हणजे मग काही बोलावं लागलं नसतं. ती आली नाही.

ते उठले. चष्मा पुसला, लावला, काठी टेकत चित्राजवळ गेले आणि वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. या घरात सावित्रीला पाहिलेली माणसं दोनच होती. एकीनं साक्ष दिली होती, आता दुसऱ्याची पाळी होती.

"नाक जरा बसकं होतं," आप्पा म्हणाले.

"नव्हतं," नवसाबाई म्हणाल्या. "तुम्ही पाह्यलं कधी होतं तिच्याकडं? तीन महिने हे चित्र शेडमध्ये होतं. येता जाता तुम्ही तिला भागीबाई म्हणत होता."

आप्पा परत खुर्चीत येऊन बसले. टोपीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

कमळाबाई स्टुलावरून उठल्या नव्हत्या. वर केलेली हनुवटी तशीच होती, ती खाली घ्यायचं त्या विसरल्या होत्या. समोर चित्रात तीच हनुवटी होती, तीन ठिपके घेऊन, फक्त पंचवीस वर्षांनी तरुण. शेहेचाळीस वर्षांची बाई आपल्याहून लहान आईकडं पाहत होती. त्यांच्या तोंडून शब्द फुटला तो नवसाबाईंना ठाऊक असलेलाच फुटला.

"माझ्या आईला कोपऱ्यात बसवलं?"

"तिथंच बसायची ती," नवसाबाई म्हणाल्या. "दारापाशी. तुला मांडीवर आडवी घेऊन. वारा येतो म्हणायची पोरीला. मी तिच्या बाळंतपणाला आले होते ना, मी समोर बसायचे. एका टोकाकडून ती ओवायची, दुसऱ्या टोकाकडून मी. मधोमध आलो की कुणाची फुलं जास्त ते मोजायचो. रोज तीच जिंकायची. आणि तिनं दोरा तोडला ना, की तू दचकायचीस."

कमळाबाईंनी चित्राकडं पाहिलं. चित्रातल्या नवसाबाईंच्या हातातला हार झेंडूच्या डोंगराखालून जात होता आणि पलीकडं कोपऱ्यातल्या बाईच्या दाताखालच्या दोऱ्याला मिळत होता. हे नवसाबाईंनीही आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी सुनेकडं पाहिलं. सून बशीतला रंग फडक्यानं पुसत होती, मान खाली घालून.

"तुला ठाऊक होतं?"

"टाक हातात धरून सांगायच्या ना तुम्ही, डोळे असे कर, मान अशी कर," दीपमाला म्हणाली. "मग कळलं."

"मी म्हणतो, आता प्रश्न असा आहे की," ज्ञानेशनं सुरुवात केली.

"ज्ञाना, तू झोप," कमळाबाई म्हणाल्या. "त्या पोत्याला टेकून झोप. लय शोभतो तिथं." त्या उठल्या. खाली पडलेला वीतभर हार त्यांनी शोधून काढला, झटकला आणि उजव्या कोपऱ्यात टाचणीनं अडकवला. नीट बसला नाही म्हणून पुन्हा काढून पुन्हा अडकवला. मग पदरावर पडलेल्या रंगाच्या थेंबावर बोट ठेवून त्यांनी दीपमालाला विचारलं, "हे निघंल?"

"वाळलं, आक्का. वरून मारावं लागेल."

"नको. राहू दे. झेंडूची पाकळी दिसती." त्या नाक ओढत म्हणाल्या, "उद्या नऊला पोचायचं ना? मी येते टेम्पोत. मी मागं बसून धरते याला. आणि त्यांच्यातल्या कुणी विचारलं ही कोण, तर मी सांगणार."

"मग मी पेढ्यासकट राहू का तशीच?" तृप्तीनं विचारलं. तिला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून ती राहिली.

दिवेलागणीला कमळाबाई नवसाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. न विचारता त्यांनी सासूसुनांच्या त्या वालाच्या पाटीत हात घातला आणि शेंगा सोलू लागल्या. मग कमळाबाईंनी हात पुसून नवसाबाईंच्या गळ्यातला टाक दोन बोटांत धरला आणि उजेडाकडं केला. त्याच्यावर काहीच नव्हतं, नुसती गुळगुळीत चांदी.

"आता हा काढलास तरी चालंल, आई. आता तोंड हाय तिला."

"राहू दे," नवसाबाई म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं झाली इथं. आता म्हातारपणी ती कुठं जाईल?"